नऊ नंबरचा दिवा

४ जानेवारी, रविवार

माझं नाव पुकारलं! आणि मी तिथे नव्हतेच. मी नदीवर केस धूत होते.

परत आले तर सेनायदाताई दारातच, कमरेवर हात ठेवून. "या, सरकारी माणूस! या!" म्हटलं झालं काय? तर गावसभेत ठरलं म्हणे, या वर्षी इंटरनेटची पेटी माझ्याकडे. मला कुणी विचारलं का? विचारत नाहीत. इथे कुणालाच विचारत नाहीत. हात वर होतात, नाव लिहिलं जातं, घरी निरोप येतो. लेओबार्दोकाकांना गेल्या वर्षी तण काढता काढता कळलं होतं.

वर्षभर काम, फुकट. गावात वर्षाहून जास्त राहिलं की गावची सेवा लागू होते. मला म्हणे चौदा महिने झाले. चौदा! मी मोजलेच नव्हते. बंदरावरचं घर सोडल्यापासून कुठेही तीन महिन्यांवर टिकले नाही. जत्रेत पाळण्याची तिकिटं फाडली, फेरीबोटीवर कांदे चिरले, एकदा तर नुसतं एका बँडबरोबर फिरले, झांजा धरायला. इथे आले ती दोन दिवसांसाठी. ताईच्या भट्टीतल्या पावाचा वास आला म्हणून थांबले. फेब्रुवारीत समुद्राकडे निघायचं ठरवलं होतं. आता?

"पळून गेले तर?" ताईला सहज विचारलं.

"पळ की! तुझ्यासाठी जामीन मी राहिलेय. उरलेलं वर्ष मी करीन. ह्या गुडघ्यांनी." आणि झगा वर करून गुडघे दाखवले! असं केल्यावर माणूस पळणार कसा?

५ जानेवारी

पेटी बघितली. चौदा महिने तिच्यावरून जात-येत होते, कधी नीट बघितलीच नव्हती. कचेरीच्या भिंतीवर, लाउडस्पीकरच्या माइकशेजारी. चोवीस भोकं, वीस घरं. एकेका भोकातून एक वायर निघते, भिंतीतून बाहेर, छपरांवरून त्या त्या घरात. आणि प्रत्येक भोकावर एक दिवा — मोहरीएवढा!

लेओकाका शिकवायला आले. बोलायला कंजूष माणूस. "हिरवा स्थिर — वायर ठीक, घर गप्प. हिरवा लुकलुकतोय — कुणीतरी बोलतंय. पिवळा — लंगडतेय, पण चालतेय. आपल्या सरपंचासारखी."

"आणि विझला तर?"

"ओरडायचं. लाउडस्पीकरवर. अमुक नंबरचं घर, दिवा विझला. मग शेजारचे चौघं शिडी घेऊन जातात. छपरावर चढतात, घरात शिरतात, सापडेपर्यंत सोडत नाहीत. कॉफी द्यावी लागते चौघांना."

एवढंच काम? नाही. रोज संध्याकाळी सातला पेटीच्या तोंडाचा फोटो काढायचा आणि उत्तरेला, सीमेपलीकडे कामाला गेलेल्या गावच्या माणसांना पाठवायचा. पेटी तिकडच्या पोरांनीच घेऊन दिली — संत्री तोडून, हॉटेलांत भांडी घासून. प्रत्येकाला आपल्या घरचा नंबर पाठ. दिवा दिसला की झोपतात.

मी विचारलं, काका, तुम्ही हे सगळं शिकलात कुठे? म्हणाले, "तिकडे. एका ऑफिसात फरशी पुसायचो. भिंतभर अशा पेट्या. पुसता पुसता बघत बसायचो." मग वाकून वायरींवरची धूळ झाडायला लागले. धूळ नव्हती.

६ जानेवारी

तीन राजांच्या सणाचा पाव कापला, आणि आत लपवलेली बाहुली माझ्याच तुकड्यात! ज्याला बाहुली, त्याच्याकडे जेवण. म्हणजे दोन फेब्रुवारीला तमाल, केळीच्या पानात उकडलेले मक्याचे, मी द्यायचे. ताई खूश. मी बाहुली गिळायच्या बेतात होते, पण तिनं बघितलं.

९ जानेवारी

मजा येतेय! कुणाला सांगणार नाही, पण येतेय. फोटो पाठवला की धडाधड उत्तरं येतात.

"चौदा पेटलाय. आई घरी आहे."

"सहा लुकलुकतोय का गं? बायको कुणाशी बोलतेय एवढं?" (फोटोत लुकलुकणं दिसत नाही, मूर्खा!)

"वीस पिवळाच अजून. बाबांना सांग, वायरीवर कपडे वाळत घालू नका."

आणि एक जण रोज तेच लिहितो, रोज, सात वाजून दोन मिनिटांनी — "नऊ दिसला. देव भलं करो, ताई." तो फिदेन्सिओ. अबुंदियामावशींचा मुलगा. देवळामागच्या चढावर एकट्या राहतात त्या, टर्क्या पाळतात. तो जाऊन अकरा वर्षं झाली. तिकडे बायको आहे, ग्वातेमालाची, आणि दोन छोट्या मुली. कागदपत्रं नाहीत. इकडे येणं काय, कुणीही येईल — बसमध्ये बसलं की झालं. परत जाता येत नाही. ताई सांगत होती, लेओकाका तसेच अडकले. वडिलांच्या मातीला आले आठ वर्षांपूर्वी. मुलगी तिकडे चार वर्षांची होती. आता बारा.

मला काय माहीत! मी त्यांना रोज विचारत होते, तिकडे बर्फ असतो का?

१३ जानेवारी

आज नऊ विझला!

ओरडायचं होतं. माइक हातात घेतलाही. पण आठवलं, मावशींच्या अंगणात अवोकाडोचं झाड आहे, आणि सकाळपासून मी नुसत्या कॉफीवर. म्हटलं आधी जाऊन बघू, मग ओरडू. असंच होतं माझं.

मावशी दारात. शाल डोळ्यांपर्यंत. "दात दुखतोय," म्हणाल्या. बोबडं बोलत होत्या. वायर काय झाली विचारलं, तर म्हणे उंदरांनी कुरतडली. मी छपरावर चढले. वायर सरळ कापलेली, एका घावात. खाली भिंतीला कोयता टेकवलेला.

मी वरूनच म्हटलं, "मावशी, उंदीर कोयता घेऊन आला होता का?"

त्या हसल्या. आणि शाल सरकली. अर्धंच तोंड हसत होतं. दुसरं अर्धं तसंच — गाल लोंबलेला, डोळा मिटत नव्हता, लाळ आली होती कोपऱ्यात.

मी पटकन उतरले. आणि अवोकाडो मागितला. दिला. खाता खाता सांगितलं त्यांनी. काल पहाटे टर्क्यांना शीळ घालायला गेल्या, तर ओठातून हवाच निसटली. काल सोमवार, नर्सबाईंचा वार, त्यांना गाठलं. म्हणाल्या, तोंडावरून वारं गेलंय, लवकर आलात, गोळ्या घ्या, दोन-तीन आठवड्यांत येईल ठिकाणावर. गाल फुगवायचे, सोडायचे. फुगवायचे, सोडायचे.

"मग बरंच आहे की! वायर का कापलीत?"

"रविवारी त्याचा फोन. तोंड दिसतं त्यात. आवाजही हा असा." जीभ जड पडत होती, तरी बोलत राहिल्या. "हे बघितलं की तो निघेल. मी ओळखते त्याला. त्याच्या बापाच्या वेळी निघालाच होता, पिशवी भरून. मी खोटं बोलले — म्हटलं, पुरलंसुद्धा, आता येऊन काय करतोस. तेव्हा राहिला. या वेळी नाही राहायचा. आला की त्या दोघी पोरी बापावाचून. माझ्या वाकड्या तोंडापायी!"

आणि दिवा पुकारला की शिडीवाले चौघं येणार, घरात शिरणार, तोंड बघणार. संध्याकाळच्या आत उत्तरेत बातमी.

"पुकारू नकोस, बाळा. दोन-तीन आठवडे."

मी हो म्हटलं. हो म्हणायला काय लागतं! आणखी दोन अवोकाडो घेऊन आले.

संध्याकाळी फोटो काढताना नऊवर अंगठा आला. आणला.

१४ जानेवारी

फिदेन्सिओ — "ताई, काल तुझा अंगठा माझ्या घरावर बसला होता."

आज तिरका फोटो काढला.

१५ जानेवारी

"ताई, नऊ कुठे गेला? सरळ उभी राहून काढ ना. पडलीस बिडलीस का?"

१६ जानेवारी

त्याला लिहिलं: मावशींच्या टॅबची काच फुटली, शहरात दुरुस्तीला पाठवलाय, या रविवारी बोलणं होणार नाही, त्या मजेत आहेत. दात दुखतोय थोडा. (दात कशाला घातला मध्ये!)

लगेच उत्तर — "ठीक आहे. बोलणं नाही तर नाही. दिवा तेवढा दिसू दे. दिवा दिसला की मला पुरे."

आता दिवा आणू कुठून?

१७ जानेवारी, शनिवार

आणला!! मीच! सातवीत शाळा सोडलेल्या बाईनं!

टेबलाच्या खणात हातभर लांबीची वायर सापडली. विचार केला — दिव्याला काय हवं? भोकात वायर. वायरीच्या दुसऱ्या टोकाला काहीतरी. त्याला काय कळणार पलीकडे घर आहे की नाही? एक टोक नऊमध्ये. दुसरं बावीसमध्ये, तो रिकामाच आहे. टक्. टक्.

नऊ हिरवा!

आणि मग, देवाशप्पथ, सगळेच नाचायला लागले! वीसच्या वीस, एका ठेक्यात, असे जोरात की पेटी थरथरतेय वाटावं. मी बँडबरोबर फिरलेय, पण असा ताल नाही बघितला. लंगडा वीससुद्धा नाचत होता. मला राहवेना. माइक घेतला — "ऐका हो ऐका! आज सगळे दिवे जोरात! इंटरनेट धो धो वाहतंय! ज्याला ज्याला फोन करायचा त्यानं करून घ्या!"

फोटो गेला नाही मात्र. गोल गोल फिरत राहिला. मीच सगळ्यांना बोलावलं, गर्दी झाली असेल.

१८ जानेवारी, रविवार

सकाळपासून कचेरीच्या खिडकीत गाव.

"ए बंदरवाले! काय केलंस? एक फोन लागत नाही!"

"दिवे बघा ना! सगळे हिरवे!"

बघितले. एकेकानं आत येऊन बघितलं. आपापला नंबर बोटानं दाबून बघितला. हिरवाच. सरपंच आले, चष्मा पुसून त्यांनीही बघितलं. मग लाउडस्पीकरवरून जाहीर केलं — आपली पेटी ठणठणीत आहे, बिघाड उत्तरेकडे आहे, त्यांचं ते निस्तरतील. सगळ्यांना पटलं. दोन बायका तर तिकडच्या इंटरनेटला नावं ठेवत घरी गेल्या.

लेओकाका शहरात कॉफी विकायला गेलेत, मंगळवारी येतील.

१९ जानेवारी

फोटो आजही गेला नाही. तीन संध्याकाळी झाल्या. ती छोटी वायर काढून बघू का? शंका येतेय. पण काढली की नऊ विझणार, आणि शिडीवाले चौघं इथेच खिडकीखाली पत्ते खेळत बसलेत, नजर पेटीवर. नको.

दुपारी जरा हललं. कौलं खडखडली, ताईच्या परातीतलं पीठ सांडलं. कुणाला काही लागलं नाही. मी तर हॅमॉकमध्ये होते, मला वाटलं कुणी झोका दिला.

२० जानेवारी

काका आले. टोपीसुद्धा काढली नाही, सरळ पेटीपुढे. एक क्षण बघितलं.

"हे काय आहे?"

"वायर."

"ते दिसतंय. दोन्ही टोकं एकाच पेटीत?"

मी टेबलाचा खण उघडला, बंद केला.

"पेटी चार दिवस स्वतःशीच बोलत बसलीये. एकच गोष्ट, गोल गोल, गोल गोल. दुसऱ्या कुणाचं ऐकायला जागाच नाही." आणि वायर ओढली. नाच थांबला. दिवे शहाण्यासारखे लुकलुकायला लागले, एक इथे, एक तिथे.

नऊ विझला. काकांनी नऊकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"उंदीर," मी म्हटलं.

"हं," काका म्हणाले. "मावशी आता शाल घेते ना तोंडावरून? येताना दिसली." आणि बाहेर गेले.

मग फोन! सहाशे निरोप एकदम! तिकडच्या टीव्हीवर भूकंपाची बातमी, आणि आपलं गाव तीन दिवस मुकं. "जिवंत आहात का?" "कुणीतरी बोला!" "आई, एक शब्द."  सगळी घरं एकदम बोलायला लागली. खिडकीतून रडणं, हसणं, शिव्या.

फिदेन्सिओचे एकवीस निरोप. शेवटचा आज पहाटेचा — "ताई, नऊ?" फक्त एवढंच. मी लगेच लिहिलं: मावशी धडधाकट आहेत, चूक माझी होती, पेटी बिघडली होती.

एकच खूण दिसतेय. पोचलं नाही अजून.

२१ जानेवारी

सकाळी कचेरीत गेले तर नऊ हिरवा! टेबलाखाली एक जुनं धुळकट राउटर लावून ठेवलंय, त्याची वायर नऊमध्ये.

दारात काका. "दिवाच लावायचा होता तर असा लावतात, येडे." 

संध्याकाळी सरळ फोटो, अंगठ्याशिवाय. सगळ्यांची उत्तरं आली. त्याचं नाही.

२२ जानेवारी

अजून एकच खूण. रागावला असेल. की फोन पडला संत्र्यांच्या ढिगात? मावशींना सांगितलं नाही. त्या गाल फुगवतायत, सोडतायत.

२३ जानेवारी

समुद्राकडची गाडी शुक्रवारी सुटते. पिशवी भरली. पिशवी रिकामी केली. ताई बघत होती, म्हणाली, "एवढ्या घड्या घालायच्याच आहेत तर माझ्या चादरीही घाल."

२५ जानेवारी, रविवार

गावसभा. या वेळी मी होते, अगदी मधोमध, उभी.

सरपंच म्हणाले, "तीन दिवस गाव मुकं ठेवलंस. आमची पोरं तिकडे रडली. सांग, ती वायर का लावलीस?"

सांगून टाकलं असतं तर सुटले असते. बायकांच्या रांगेत मावशी बसल्या होत्या, शाल डोळ्यांपर्यंत. दोन्ही हात मांडीवर, बोटं एकमेकांत घट्ट. काका छपराकडे बघत होते, जसं काही तिथे कोळी नाचतोय.

"सगळे हिरवे बघायला आवडतात मला," मी म्हटलं.

 मग मागून कुणीतरी — "मग शेतात जा ना, बये!" आणि सगळी सभा हसायला लागली. सरपंचसुद्धा. हसता हसता शिक्षा केली — पुढचं वर्षही पेटी माझ्याकडेच. म्हणजे दोन वर्षं! आणि ताई उठून म्हणते कशी, "बाहुलीचे तमाल अख्ख्या सभेला!" ही माझी जामीन!

घरी येताना लक्षात आलं, आपण रडत नाही आहोत. उलट दोन फेब्रुवारीला केळीची पानं कुठून आणायची याचा विचार करतोय.

२६ जानेवारी

शीळ! सकाळी पाव द्यायला गेले तर चढावरूनच ऐकू आली. फुटकी, अर्धी हवा, अर्धा सूर — पण टर्क्या पळत आल्या! मावशी शाल खांद्यावर टाकून उभ्या, तोंड उघडं, उन्हात. कोपरा अजून जरासा खाली आहे, पण कुणाला सांगितल्याशिवाय कळणार नाही. कॉफी प्यायल्या माझ्यासमोर, एक थेंब सांडला नाही.

"नवी वायर मागव गं. येत्या रविवारी बोलते त्याच्याशी. आणि पोरींना टर्क्या दाखवते."

आम्ही दोघी खूप हसलो. पूर्ण तोंडानं.

२७ जानेवारी

सकाळच्या गाडीतून एक माणूस उतरला. पाठीला बॅग, पाय सुजलेले, बुटांच्या नाड्या सोडलेल्या. मी पावाची टोपली घेऊन चालले होते. त्यानं विचारलं, अबुंदियाचं घर उभं आहे का?

"आहे की."

"आणि ती?"

"टर्क्यांना दाणे टाकतायत."

तो तिथेच, रस्त्यात, खाली बसला. मी पाव दिला हातात. खाल्ला नाही. म्हणाला, आठवडाभर नऊ दिसला नाही, त्यात तीन दिवस कुणाचाच फोन लागेना, मग टीव्हीवर भूकंप... गेल्या मंगळवारी पहाटेच निघालो. सीमा ओलांडल्यावर हा फोन चालेना. त्यानं फोन काढून दाखवला मला. काचेवर दोन मुली, दोघींचेही पुढचे दात पडलेले.

"पोरींना सांगून आलोय," तो म्हणाला, "पंधरा दिवसांत येतो."